कागदावर वजन

मार्चमध्ये मॉमी नदीत माणसं कमरेपर्यंत उभी असतात.
वॉलाय मासा उलट्या पाण्यानं चढून येतो,
अर्धं टोलेडो रजा टाकतं.
कोवाल्चिक मात्र माझ्या टेबलासमोर, गमबूट तसेच,
लादीवर छोटं तळं.
"ह्या वर्षी कसं आहे म्हणे ते?"

मी सांगते.
आधी एका माणसाची एक चिठ्ठी. आंधळी.
आता पगार बघून घालतात:
पहिल्या पातळीला एक, दुसरीला दोन,
तिसरीला तीन, चौथीला चार.
पिशवी तीच, हात तोच,
काही नावं फक्त आत जास्त वेळा कुजबुजतात.

"म्हणजे येटुंडेला?"
एक.
अडुसष्ट हजार, लुकस काउंटी, पातळी पहिली.
वकीलबाई म्हणतात, शंभरात पंधरा.
दुसरीला तीस.
"आणि दुसरी कितीला पडते?"
सत्याहत्तर हजार दोनशे.
सॅन होजेत एवढ्यात पहिल्या पायरीवरही पाय टेकत नाही,
इथे दोन चिठ्ठ्या.
टोलेडोच्या स्वस्ताईचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.

माझ्या भाषेत अडलेल्या कागदावर वजन ठेवतात.
टेबलाखालून.
हे टेबलावरून, रीतसर, रकान्यात आकडा लिहून.
हा विनोद मी कोवाल्चिकला सांगत नाही.
समजावून सांगेपर्यंत मासे संपतील.

येटुंडे अकिनलादे पुलांखाली हातोडी घेऊन फिरते.
काँक्रीटवर टक्. वीतभर पुढे, टक्.
आत पोकळ असेल तर आवाज बसका येतो,
तिथे ती पिवळ्या खडूनं गोल काढते.
ऑक्टोबरात यंत्रानं पास केलेला एक खांब
तिनं कानानं पकडला.
फॉर्मवर कानाला रकाना नाही.

तो कान तिला दिला डेब नोव्हाकनं.
डेबची एकोणीस वर्षं, एकाहत्तर हजार.
तिला कुणी सांगितलं कोण जाणे,
गुरुवारी आली, डबा हातात तसाच.
"माझी पातळी कितवी गं? सहज विचारते.
मला कधी कुणी विचारली नाही."
मी तक्ता काढला.
कामानं चौथी.
पगारानं... मी तक्ता परत ठेवला.
डेब हसली. ते हसू मला आवडलं नाही,
आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

पुढच्या आठवड्यात दोघींचे पगार वाढले.
कुणी काही बोललं नाही.
कोवाल्चिकचा नवा ट्रक आला नाही एवढंच,
जुना अजून पार्किंगमध्ये खोकतो.
मी रकान्यात दोन लिहिलं.
दोनदा तपासलं. बटण दाबलं.

एकतीस तारखेला आमच्या ऑफिसातून
एका चिठ्ठीचा पोरगा लागला,
चार चिठ्ठ्यांची भूलतज्ज्ञ राहिली.
तिचा नवरा फोनवर ओरडला, चार होत्या, चार!
मी म्हटलं, हो. चार होत्या.

येटुंडेच्या नावापुढे 'दाखल'.
दुसऱ्या दिवशीही 'दाखल'. पंधरवड्यानंही.
नाही असं तिथे कुणी लिहीत नाही.
ती जेवणाच्या सुट्टीत फोन करायची,
मागे ट्रकांची घरघर.
"तेच?"
"तेच."
मग करेनाशी झाली.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी डेबनं तिला नदीवर नेलं, मलाही.
गळाला लागला तो मासा डेबनं पट्टीवर धरला:
पंधरा इंचांना बोटभर कमी.
"सोड," म्हणाली.
येटुंडेनं दोन्ही हात पाण्यात नेले,
आणि बराच वेळ तसेच ठेवले.

आमच्याकडे लॉटरीला सोडत म्हणतात.
इतकी वर्षं मी तो शब्द
नुसता टाइप करत आले.

परतताना तिनं खिशातला खडू चाचपला.
अजून एक वर्ष आहे हातात, पुढचा मार्च आहे.
ते मी म्हटलं. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.
सोमवारी सातला, ती डेबला म्हणाली,
चेरी स्ट्रीटचा पूल. पूर्वेकडचा खांब
मला परत ऐकायचाय.